४२ मिनिटांचा समुद्र

मे महिन्यात पुण्याचा पुतण्या येणार म्हटलं की आंबे पुरतील का एवढीच काळजी असते आम्हाला, पण यंदा तो स्पीकर घेऊन आला. संगीत शिकतोय, आणि सध्या डोक्यात समुद्र आणि हवामानबदल, त्यामुळे रात्री जेवायच्या आधी सगळ्यांनी खळ्यात बसून जॉन लूथर अ‍ॅडम्स या अमेरिकन संगीतकाराचं 'बिकम ओशन' ऐकायचं असा हुकूम सुटला. मिक्सर बंद, पंखा बंद, बोलणं बंद. आमचं घर देवगडात किनाऱ्याला लागून, त्यामुळे मागच्या दारचा समुद्र तेवढा बंद करता आला नाही.

सुरुवात इतकी खर्जात आहे की त्या चिमुकल्या स्पीकरातून काही बाहेरच पडेना. बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "झिला, ह्यां सुरू कधी होतलां?" कधीच सुरू झालंय हे कळल्यावर ती जरा घाबरलीच.

यात वादकांचे तीन गट. प्रत्येकाची चढ-उतार आपापल्या गतीने आणि तिघांची भरती एकदम फक्त तीनदा येते. पहिली आली तेव्हा बायको दोरीवरचे कपडे काढायला धावली आणि बाकीचे कौलांकडे बघायला लागले, २०२१ च्या तौक्ते वादळापासून आमच्याकडे ही सवयच आहे. आत बांगडे मसाला लावून वाट बघतायत, पायाला मच्छर चावतायत, आणि तेवढ्यात पुतण्या कुजबुजला, "काका, अर्ध्यावर आलं, आता सगळं उलट वाजणार." म्हणजे एसटी कणकवलीला टेकते न टेकते तोच कंडक्टरने सांगावं, उतरायचं नाही, ह्याच गाडीने परत देवगड!

४२ मिनिटांनी सुटलो. मग व्याख्यान. याला २०१४ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक, मिळालं, वगैरे. अ‍ॅडम्सचं म्हणणं असं की ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, पाणी चढतंय, आणि माणूस पुन्हा एकदा खरोखरच समुद्र होऊन जाईल अशी वेळ येऊ शकते. हे मात्र आईला पटलं. मागच्या कुंपणापलीकडे आमचे माड होते, तिकडे बघत म्हणाली, "म्हंजे आमच्या माडांचां काय झालां तां ह्येका थंय बसान कळलां?"

पुतण्याला वाटलं, जमलं. लगेच पुढचं काढलं, जॉर्ज क्रम्ब या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराचं १९७१ चं देवमाशावरचं, वाजवणारे तिघं काळे अर्धे मुखवटे घालून निळ्या उजेडात बसतात. "सोंगां आसत तर थांबतंय," म्हणून आई बसली, पण राक्षस काही येईना तशी उठून बांगडे तळायला गेली.

शेवटी त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावला. २०१६ साली उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर हिमनदीसमोर पाण्यावर तरंगत्या फळ्यांवर ग्रँड पियानो ठेवून लुदोविको एनाउदी हा इटालियन पियानोवादक वाजवतोय. इथे मात्र इतका वेळ पेंगणारे शेजारचे होडीवाले काका ताडकन उठून बसले. "त्यो पियानो थंय चढवलो कसो?" पुतण्या म्हणतो, काका, सूर ऐका ना. काका म्हणतात, सूर ऱ्हवांदे, दोर खंय बांधलो तो दाखव. व्हिडिओत मागे बर्फाचा कडा कोसळतो म्हणे, पण आम्ही तीन वेळा लावूनही कोणाला दिसला नाही, सगळे दोर शोधत होतो.