क्वेबेकच्या बर्फात मराठीचा वाद

कॅनडात आम्ही राहतो त्या ओटावाहून क्वेबेक सिटी साधारण साडेचारशे किलोमीटर. तिथला हिवाळी कार्निव्हल बघायचं आम्हा मित्रमंडळींचं बरेच दिवस चाललं होतं, ते या फेब्रुवारीत जमलं. आमच्या गाडीत एक नागपूरचा, एक डोंबिवलीची, आणि आम्ही सांगलीकडचे दोघं. माँट्रियल मागे पडेपर्यंत चकल्या संपल्या आणि विषय निघाला तो महाराष्ट्रातल्या भाषेच्या वादाचा. दोन दिवस आम्ही फिरलो, थंडीत कुडकुडलो, पण तो विषय काही सुटला नाही.

वाद सगळ्यांना ठाऊक आहेच, तरी थोडक्यात सांगते. १६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवायचा जीआर काढला. विरोध झाला. जूनमध्ये भाषा थोडी सौम्य करून दुसरा जीआर आला, विरोध वाढला, आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत विजय मेळावा झाला. त्याच आठवड्यात मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. इथे आमच्या ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्यानेही मला तो दाखवून विचारलं, ‘तुमच्याकडे हे काय चाललंय?’

नागपूरकर मित्राचं म्हणणं सरळ होतं. ‘आमच्याकडे भाजीवाल्याशी हिंदी, रिक्षावाल्याशी हिंदी. घरी आलो की मराठी. काय बिघडलं आमचं?’ डोंबिवलीची उसळलीच. तिच्या मते लोकल गाडीत शेजारच्या माणसाशी मराठीत बोलायचाही आपल्यालाच संकोच वाटायला लागला, तेव्हाच बिघडलं. मला दोघांचंही अर्धं पटत होतं. उरलेलं अर्धं मला क्वेबेक सिटीत सापडलं, म्हणून हे लिहायला बसले.

हे शहर १६०८ मध्ये साम्युएल द शांप्लेनने वसवलं. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकमेव शहर, १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १७५९ मध्ये इथल्याच पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि चार वर्षांनी पॅरिसच्या तहाने हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला. तरी आज तुम्ही तटाच्या वेशीतून आत शिरलात की दुकानाची पाटी, रस्त्यावरचा ‘थांबा’चा फलक, दवाखान्यातला अर्ज, पोरांची भांडणं, सगळं फ्रेंचमध्ये. क्वेबेक प्रांताची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास, आणि चहूबाजूंनी इंग्रजी बोलणारा अख्खा खंड. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला आपल्या ‘मराठी संपणार’ या रडगाण्याचा राग येतो. संख्येने आपण मुळीच दुबळे नाही.

शनिवारी सकाळी उणे एकवीस होतं. नाकातला ओलावा गोठून टोचायला लागतो अशी थंडी. गरम काहीतरी प्यायला एका कॉफीच्या दुकानात शिरलो. काउंटरवर विशी-बाविशीतली पंजाबी मुलगी. आम्हाला बघून ती हिंदीत बोलेल असं वाटलं होतं. तिने ‘बाँजूर’ म्हटलं आणि थांबली. डोंबिवलीच्या मैत्रिणीने चाचरत, बोटं दाखवत फ्रेंचमध्ये चार कॉफ्या मागितल्या. चुका झाल्या असतील, पण त्या मुलीने मध्ये तोडलं नाही, हसली नाही, इंग्रजीवर उडीही मारली नाही. एका शब्दाला आमची गाडी अडली तेव्हा तो हळूच पुरवला, बास. पैसे देऊन झाल्यावर मात्र हिंदीत विचारलं, ‘आप लोग कहाँ से?’ जालंधरजवळची निघाली. फ्रेंच कुठे शिकलीस म्हटलं, तर म्हणाली, संध्याकाळच्या सरकारी वर्गात, फुकट. दुकानाचा मालक वर्गाच्या दिवशी तिला लवकर सोडतो. फ्रेंच आलं तर इथे कायमचं राहता येईल आणि काउंटर सोडून चांगली नोकरी मिळेल, हा तिचा साधा हिशेब.

तिच्यावर कुणी हात उगारला नव्हता, आणि ‘इथे राहायचं तर फ्रेंच आलंच पाहिजे’ हे तिला कुणी ओरडून सांगितलेलंही नव्हतं. पण न शिकून चालेल असंही तिला कुठे दिसत नव्हतं. असं होण्यासाठी इथल्या लोकांनी पन्नास-साठ वर्षं काय केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

१९६० च्या आधी याच प्रांतात फ्रेंच माणूस बहुसंख्य असून गरीब होता. माँट्रियलमधल्या कारखान्यांचे मालक, बँकांचे साहेब इंग्रज. फ्रेंच माणूस मुकादमापर्यंत पोचला तरी खूप. केंद्र सरकारने १९६३ मध्ये नेमलेल्या आयोगाने मिळकतीची तुलना केली, तेव्हा क्वेबेकमधल्या वेगवेगळ्या समाजांमध्ये फ्रेंच भाषक जवळजवळ तळाला निघाले. गिरगाव-लालबागच्या मराठी माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. मुंबईत १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली तीही नोकऱ्यांच्याच प्रश्नावर.

क्वेबेकमध्ये तेव्हा दोन वाटा फुटल्या. एका गटाने टपालपेट्यांत बॉम्ब ठेवले. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये एक ब्रिटिश अधिकारी आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचं अपहरण झालं, लापोर्त यांचा खून झाला, रस्त्यावर लष्कर आलं. त्या हिंसेतून फ्रेंचला काहीही मिळालं नाही. मिळालं ते दुसऱ्या वाटेने. त्याआधीच सरकारने खासगी वीज कंपन्या विकत घेऊन हायड्रो-क्वेबेक मोठी केली होती, आणि उत्तरेच्या जंगलात मानिकुआगन नदीवर प्रचंड धरण बांधताना नकाशे, हिशेब, साइटवरची हुकूमत सगळं फ्रेंचमध्ये चाललं. फ्रेंच ही साहेबाची भाषा होऊ शकते हे पोरांनी स्वतःच्या बापाकडे बघून शिकलं. मग १९७७ मध्ये रने लेव्हेक यांच्या सरकारने कायदा क्रमांक १०१ आणला. बाहेरून येणाऱ्यांच्या मुलांनी सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमातच शिकायचं. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपनीने कारभार फ्रेंचमध्ये चालतो हे सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यायचं. हीच मर्यादा जून २०२५ पासून पंचवीसवर आली आहे. पाट्याही त्या कायद्यात होत्या, पण पाट्यांच्या मागे शाळा आणि पगार होता.

किंमतही मोजावी लागली. सन लाइफ विमा कंपनीने १९७८ मध्ये आपलं मुख्यालय माँट्रियलहून टोरांटोला हलवायचं जाहीर केलं, तिच्यासारख्या आणखीही गेल्या. इंग्रजी भाषक कुटुंबं मोठ्या संख्येने बाहेर पडली. आणि २०२२ च्या नव्या कायद्याने, नव्याने आलेल्या माणसाशी सरकारने सहा महिन्यांनंतर काही अपवाद सोडून फ्रेंचमध्येच पत्रव्यवहार करावा असं ठरवलं, ते मला अन्यायाचं वाटतं. सहा महिन्यांत दिवसभर मजुरी करून कोण भाषा शिकतो? वर २०२४ मध्ये पैसे अपुरे पडले म्हणून फ्रेंचचे अनेक मोफत वर्गच बंद करावे लागले. आधी वर्ग आणि मग सक्ती, हा क्रम इथेही सुटला की माणसं पिचतात.

रविवारी आम्ही सेंट लॉरेन्स नदीवरची बर्फातली होड्यांची शर्यत बघितली. एकेका होडीत पाच जण. पाणी दिसलं की वल्ही मारायची, बर्फाचा तुकडा आला की खाली उतरून खिळ्यांच्या बुटांनी होडी ढकलायची. एक पाय होडीत, दुसरा बर्फावर, आणि तो बर्फही खाली वाहतोच आहे. पूर्वी या काठावरून पलीकडच्या लेव्ही गावाला माणसं आणि टपाल हिवाळ्यात असंच पोचवत, त्याचा आता खेळ झाला आहे. आमच्या शेजारी एक आजोबा नातवाला प्रत्येक होडीचं बारीकसारीक समजावत होते, तेही फ्रेंचमध्ये. मला त्यातलं फार कळलं नाही, पण पोरगं प्रश्नावर प्रश्न विचारत होतं. त्या नातवाला पुढे याच गावातल्या लावाल विद्यापीठात डॉक्टर व्हायचं असेल तर तो फ्रेंचमध्ये शिकून होईल. इंजिनियर, वकील, काहीही. मी नागपूरकराला एवढंच म्हणाले, ‘तू घरी मराठी बोलतोस ते ठीक. तुझ्या भाचीने मराठीत बारावी केली तर पुढे काय करायचं?’ तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ते खरं आहे बाप्पा.’

ओटावात आम्ही रोज काय करतो तेही बघायला हवं. आमच्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांनी पोरांना फ्रेंच इमर्शन शाळेत, म्हणजे बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळेत घातलंय. केंद्र सरकारच्या पुष्कळ नोकऱ्यांना दोन्ही भाषा लागतात, वरच्या जागांना तर हमखास, म्हणून. १९६९ च्या राजभाषा कायद्यानंतर फ्रेंचला असा भाव आला. कुणी आम्हाला फ्रेंच अस्मितेची भाषणं दिली नाहीत, आणि तरी आमची पोरं फ्रेंच पाठ करताहेत.

आता आपल्याकडे या. दुकानांवर मराठी पाट्यांची सक्ती २०२२ मध्ये झाली, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, पाट्या लागल्या. चांगलं झालं, मला आनंदच आहे. पण त्याच मुंबईत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा एकामागून एक बंद पडताहेत, आणि मराठी अभ्यास केंद्रासारख्या संस्था वर्षानुवर्षं त्याविरुद्ध घसा कोरडा करताहेत. त्यांच्या मागे मेळाव्यातली गर्दी का जात नाही? बिहारहून आलेल्या टॅक्सीवाल्याला मराठी शिकायची असेल तर त्याच्या वॉर्डात, त्याच्या वेळेत, फुकट वर्ग हवा. आज काही संस्था आणि काही तळमळीची माणसं असे वर्ग चालवतात, पण त्यांच्या जिवावर एवढं मोठं शहर कसं चालेल? कानाखाली मारून कुणाला मराठी आलेली नाही. मार खाणारा गरीबच असतो, आणि मराठीचा एक शब्द न वापरता बीकेसीत करोडोंचा कारभार करणाऱ्या कंपनीला कुणी हातही लावत नाही. मला हे भ्याडपणाचं वाटतं.

हिंदी पहिलीपासून नको, हे माझंही ठाम मत आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तीन भाषा कशाला? तेव्हा मराठी माणूस पक्ष विसरून एकत्र आला आणि सरकारला माघार घ्यावी लागली, याचा मला इतक्या लांबूनही अभिमान वाटला.

पण मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मराठी भाषा धोरण मंजूर केलंय. येत्या २५ वर्षांत मराठी ज्ञानाची आणि रोजगाराची भाषा व्हावी, हे त्यातलं उद्दिष्ट. जीआरच्या विरोधात जे रस्त्यावर उतरले, त्यांनी आता या धोरणाचा हिशेब मागावा. किती कंपन्यांनी कारभारात मराठी आणली, किती वॉर्डांत वर्ग निघाले, मराठीतून शिकलेल्या मुलाला कोणत्या नोकरीत प्राधान्य मिळालं. आमदाराला हे तीन प्रश्न लेखी विचारा. आम्हीही इथून आपापल्या मतदारसंघाच्या आमदारांना पत्रं लिहितो आहोत. नागपूरकराचं पत्र सर्वात आधी गेलं.