यार्डातला सडका कांदा आणि पाइपातला गॅस

मंडळी, पोस्ट लांब झालीय पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या सोलापूरचा आहे.

मी मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात हिशोब लिहितो. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक कशी असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. पण लिलाव उरकल्यावर मागं काय उरतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. भिजलेल्या गोण्यांतला कांदा निवडताना बायका जो माल बाजूला टाकतात, त्यात बोट घातलं तर सरळ आत जातं, ढिगाखालून पिवळसर पाणी पाझरत असतं आणि तो वास घरी गेल्यावरसुद्धा शर्टातून जात नाही. पलीकडं भाजीच्या बाजूला कोबीचा पाला, फ्लॉवरचे दांडे, फुटके टोमॅटो. हे सगळं ट्रॉलीत भरायचं आणि डेपोत नेऊन ओतायचं, की आपलं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं.

खरं तर तिथूनच पुढचा त्रास सुरू होतो. ढिगात हवा जात नाही, मग आत सडताना मिथेन तयार होतो आणि तो सरळ आभाळात जातो. 20 वर्षांचा हिशोब धरला तर हा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 80 पट तापमान वाढवतो. तोच कचरा बंद टाकीत कुजवला तर गॅस आपल्या हातात राहतो. टाकीतून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, जो पाइप आणि इंजिन खातो. हे सगळं काढून मिथेन 90 टक्क्यांच्या वर नेला की झाला बायोमिथेन, आपल्याकडं त्याला सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) म्हणतात. रिक्षात, शेगडीत, पाइपलाइनमध्ये तो सीएनजीसारखाच चालतो, काही बदलावं लागत नाही. आणि जळताना त्यातून जो कार्बन बाहेर पडतो तो त्या कांद्यानं त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, जमिनीखालून लाखो वर्षांपूर्वीचा उकरून काढलेला नसतो.

हे काही स्वप्नरंजन नाही. डेन्मार्कमध्ये गॅसच्या जाळ्यात आता जवळपास 40 टक्के बायोमिथेन असतो, बराचसा जनावरांच्या शेणामुताचा. आपल्याकडं इंदूरला 2022 साली रोज 550 टन ओला कचरा घेणारा प्लांट सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला 17 टनांच्या आसपास गॅसची. केंद्रानंही 2025-26 पासून सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये 1 टक्का सीबीजी मिसळणं बंधनकारक करायचं ठरवलं आणि 2028-29 पर्यंत ते 5 टक्क्यांवर न्यायचं म्हटलंय. देशाला लागणारा निम्मा गॅस आपण बाहेरून जहाजानं आणतो आणि इथं गॅस सडून उडून जातोय, याचा मला मनापासून राग येतो.

आता माझं म्हणणं ऐका. ह्या विषयावर बोलणं निघालं की लगेच सगळे घंटागाडीवर येतात, लोक ओला-सुका वेगळा करत नाहीत म्हणून काही होत नाही म्हणतात. इंदूरचं जमलं ते घराघरात वर्गीकरण झालं म्हणूनच, हे मला मान्य आहे, कारण टाकीत प्लास्टिक, काच, चिंध्या गेल्या की मिक्सर अडकतो, पंप बसतो आणि प्लांट बंद पडतो. पण ती सवय लागायला वर्षं जातील, तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? यार्डातला कचरा आधीच वेगळा आहे की! एका जागी आहे, रोज आहे, सुतळी-गोणी सोडली तर त्यात दुसरं काही नाही. सुरुवात तिथून करा.

नुसत्या कांद्यावर मात्र भागणार नाही हेही सांगतो. कांद्यात 85 टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि तो एकटाच घातला तर टाकी आंबट होते, गॅस करणारे जंतू मरतात. त्याला शेण पाहिजे आणि प्रेसमड पाहिजे, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. ते तर आपल्या जिल्ह्यात लई आहे! उसाच्या वजनाच्या 3-4 टक्के प्रेसमड निघतो आणि साधारण 25 टन प्रेसमडमागं 1 टन सीबीजी मिळतो, म्हणजे रोज 5000 टन गाळणारा एक कारखाना दिवसाला 6 ते 8 टन गॅसचा माल बाहेर टाकतो. तो उघड्यावर पडला की तापतो, सडतो, आणि जो गॅस टाकीत मिळायला पाहिजे तो हवेत जातो, म्हणून तो झाकून साठवायला पाहिजे, उन्हाळ्यात गाळप बंद असताना तोच उपयोगी पडेल.

कारखान्याचा प्रेसमड शेतात जातो, तो गॅसला नेला तर रानाला काय, असं एका अण्णांनी मला विचारलं, आणि प्रश्न एकदम बरोबर आहे. टाकीतून गॅस जातो, नत्र, स्फुरद, पालाश मागं स्लरीतच, म्हणजे टाकीत उरलेल्या पातळ गाळातच राहतं. ती स्लरी परत रानात गेलीच पाहिजे. तिच्यापासून केलेल्या खताला केंद्रानं 2023 साली टनाला 1500 रुपये मदत जाहीर केली. खताची विक्री जमली नाही तर प्लांटच्या मागं स्लरीचं तळं साचतं आणि गावाला वास सुटतो, मग लोक विरोध करणारच, आणि का करू नये?

अजून एक गोष्ट, जिच्यावर कुणी बोलत नाही. गळती. टाकीच्या झाकणातून, जोडातून, कॉम्प्रेसरमधून गॅस गळत राहिला तर हवामानाचा सगळा फायदा त्यातच जातो. म्हणून प्लांट कुणाचाही असू दे, टेंडरमध्ये दर महिन्याला गळतीची तपासणी आणि गळलं तर दंड, हे दोन कलम पाहिजेत आणि रीडिंग गेटवर बोर्डावर लिहिलेलं पाहिजे. बाजार समितीतले, महापालिकेतले, कारखान्यांचे संचालक, यातले कुणी ही पोस्ट वाचत असाल तर सांगा, यार्डात एका कोपऱ्यात रोजचा कचरा वजनकाट्यावर मोजायला कधी सुरुवात करताय? काटा यार्डातच आहे, नोंदी ठेवायला मी येतो.