टायगरबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की ट्रेनिंगला दिलेला आठ महिन्यांचा रॉटवायलर 'मवाळ' होऊन परत आला, अनोळखी माणसाच्या अंगावर जात नाही आणि वर बारीकही झाला.

अंगावर सोडायचं शिक्षण आम्ही देत नाही, हे टायगरला ठेवून घेतानाच सांगितलं होतं. तो अजून पोरच आहे. या जातीला डोक्यानं मोठं व्हायला दोन वर्षं तरी लागतात. राखणीची वृत्ती तोवर आपसूक वर येते. ती रक्तातलीच आहे. जर्मनीतल्या रॉटवाइल गावचे खाटीक या कुत्र्यांकडून गुरं हाकून घ्यायचे, गाडे ओढून घ्यायचे. १९१० साली तिथं त्यांना पोलिसी कामासाठी मान्यता मिळाली. पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास भरतो. त्याला आत्ताच साखळीला बांधून, चिथावून कडक केला, तर उद्या सिलिंडर घेऊन आलेला पोरगा आणि चोर त्याला सारखेच. आपल्या तालमीत तरी नव्या पोराला पहिल्याच दिवशी डाव कोण शिकवतं? 'थांब' म्हटल्यावर टायगर आता जागेवर थांबतो, आणि आमच्या मते राखणीची सुरुवात तिथूनच होते.

आता वजनाचं. तो आला तेव्हा रोज म्हशीचं दूध, चपात्या आणि वर कॅल्शियमची पावडर चालू होती. प्रेमानं देता, हे कळतं. पण खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष, हिप डिस्प्लेसिया, या जातीत बराच आढळतो आणि वाढत्या वयातलं जादा वजन तो वाढवतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरचं कॅल्शियमही घातक, हाडांची वाढ बिघडते. फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. टायगर आज बरोबर तसा आहे. कृपा करून पावडर परत सुरू करू नका. जेवणानंतर लगेच पळवूही नका, पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत जिवावर बेततं.

उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर ठेवू नका, काळ्या अंगाला ऊन सोसत नाही. रंकाळ्यावर फिरवायचं तर उजाडतानाच.

रविवारी सकाळी त्याला घेऊन या, घरातल्या सगळ्यांसकट. तो फक्त तुमचं ऐकून चालणार नाही, वहिनींचं आणि मुलांचंही ऐकायला हवा. त्याचे वेगळे पैसे नाहीत.