तोच काळोख, तिसऱ्यांदा विकत

काल रात्री पुन्हा तेच झालं. सव्वाअकरा वाजलेले, घरात सगळे झोपलेले, दिवे बंद, पंखा दोनवर. मी एका नॉयरच्या, म्हणजे जुन्या काळ्या-पांढऱ्या अमेरिकी गुन्हेपटाच्या, बरोबर मध्यावर. नायक टेलिफोनच्या बूथमध्ये शिरतो, रिसीव्हर उचलतो आणि थिजतो. मला वाटलं, काय अभिनय आहे! अभिनय कसला, डिस्क थिजली होती. मग त्याच्या तोंडावर हिरव्या-जांभळ्या चौकटी आल्या, प्लेअरच्या पोटातून अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखा आवाज आला आणि सगळं बंद.

डिस्क बाहेर काढली. एक ओरखडा नाही. असणार कसा? मी डिस्क कडेने धरतो, नवजात बाळाला धरावं तशी. पण ट्यूबलाइटखाली तिरकी केली आणि दिसलं: कडेपासून आत सरकत आलेला ढगाळ, तांबूस डाग. बशीत सांडलेला चहा वाळल्यावर दिसतो तसा. डिस्क सडली होती. कपाटात, डबीत, न वापरता, आपली आपण.

दहा सिनेमांची पेटी आहे ती, पाच डिस्कची. आतापर्यंत तीन गेल्या. डीव्हीडी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्या, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरची, मधे धातूचा चकचकीत थर आणि सगळं गोंदाने चिकटवलेलं. कारखान्यात ते काम धड झालं नसलं की काही वर्षांनी धातू काळवंडतो. वर गंमत अशी की दोन थरांच्या डिस्कचा दुसरा थर बाहेरच्या कडेकडून वाचायला सुरुवात होते, आणि सडणंही कडेकडूनच सुरू होतं. म्हणून सिनेमा नेमका मध्यावर मरतो. सुरुवातीलाच मेला असता तर निदान माझी झोप वाचली असती.

कंपनीने म्हणे कबूल केलंय की ही पेटी निघाली त्या दोन-तीन वर्षांत काढलेल्या काही डिस्क सदोष आहेत. बदलून देतील. पण त्या सिनेमाचे हक्क आता त्यांच्याकडे नसतील तर? तर तेवढ्याच किमतीचा दुसरा कुठलातरी सिनेमा देतील. चितळ्यांकडून आणलेलं श्रीखंड आंबलं म्हणून कुणी तुम्हाला तेवढ्याच पैशाचं लोणचं दिलं तर घ्याल का तुम्ही? मला तोच सिनेमा हवाय हो! त्यासाठीच तर पैसे मोजले होते.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांचं. तर ऐका. नॉयरमध्ये गोष्ट दुय्यम असते. बाई फसवणार, बाप्या फसणार, शेवटी कुणीतरी मरणार, हे पहिल्या रिळातच कळतं. बघायचा असतो तो काळोख. जॉन आल्टन नावाचा छायाचित्रकार होता. खोलीभर दिवे लावायच्या जागी तो एखादाच लावायचा आणि बाकी सगळं अंधारावर सोडायचा. १९४८ सालचा 'ही वॉक्ड बाय नाइट' घ्या. शेवटचा पाठलाग लॉस एंजेलिसच्या पावसाळी पाण्याच्या भुयारी गटारांत होतो. पडद्यावर काय आहे? काळं. त्यात पोलिसांच्या बॅटऱ्यांचे झोत, ओल्या भिंतीवरची चमक आणि धावणारा एक माणूस. बस्स. 'द थर्ड मॅन'मधला व्हिएन्नाच्या गटारातला तो जगप्रसिद्ध पाठलाग पडद्यावर यायच्या आधीचं आहे हे.

हा सिनेमा मी आजवर तीनदा विकत घेतला.

पहिल्यांदा पन्नास गुन्हेपटांच्या एका जाडजूड स्वस्त पेटीत. त्याचं असं आहे की अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात स्वामित्वहक्क २८ वर्षांचा असायचा, पुढे हवा असेल तर अर्ज करून वाढवून घ्यायचा. छोट्या कंपन्या बुडालेल्या, कागद इकडचे तिकडे, अर्ज करणार कोण? अशा कितीतरी नॉयरचे हक्क गेले. 'डिटूर' गेला, 'स्कार्लेट स्ट्रीट' गेला, 'डी.ओ.ए.' गेला. मग ज्याच्या हाती टीव्हीवाल्यांची झिजलेली सोळा मिलिमीटरची प्रिंट लागली, त्याने डिस्क काढली. काढा ना, कायदा आहे. पण आल्टनचा काळा रंग तिथे राखेसारखा दिसतो. गटारात माणूस धावतोय की उंदीर, पत्ता लागत नाही. आणि आवाज असा, की मागे कुणीतरी सतत भजी तळतंय.

दुसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीची. कव्हरवर ठसठशीत लिहिलेलं, 'डिजिटली रीमास्टर्ड'. घरी येऊन लावली. तीच प्रिंट! तोच ओरखडा, त्याच शॉटमध्ये, त्याच जागी! रीमास्टर काय केलं होतं, कव्हर?

तिसऱ्यांदा मात्र खरी. अमेरिकेत कुणीतरी मनापासून चांगल्या प्रतीवरून साफसफाई करून ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्वच्छ चित्राची डिस्क, काढली. भाच्याला सांगून मागवली, दोन महिने वाट पाहिली, उदबत्ती लावायची तेवढी बाकी ठेवली. प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर सूचना: ही डिस्क तुमच्या प्रदेशासाठी नाही.

प्रदेशासाठी! जगाचे तुकडे पाडलेत या लोकांनी. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए', युरोप 'बी' आणि आपण 'सी'. डीव्हीडीची वाटणी आणखी वेगळी, तिथे अमेरिका एक, ब्रिटन दोन आणि आपण पाच. बरं, आमच्या पाचात किंवा 'सी'त हे सिनेमे तुम्ही विकता का? नाही. विकणार नाही आणि दुसरीकडून आणला तर बघू देणार नाही. चोरून उतरवून घेणाऱ्याला कसलंच कुलूप नाही. जो रीतसर पैसे मोजतो त्याच्याच दाराला कडी.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. डीव्हीडी प्लेअरचं कुलूप पूर्वी रिमोटवर चार आकडे दाबून उघडायचं, तिथलाच एक जण शिकवायचा. ब्लू-रेचं बहुतेक तसं होत नाही, आतली यंत्रणाच बदलावी लागते. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे वडिलांचा ग्रामोफोन दुरुस्तीला आणल्यासारखं पाहिलं. "काका, ब्लू-रे? आता कोण बघतं?" मी बघतो! समोर उभा आहे ना!

शेवटी भाचा न्यू जर्सीहून येताना तिकडचाच प्लेअर घेऊन आला. तो चालतो ११० व्होल्टवर. म्हणून ट्रान्सफॉर्मर घेतला. तो वजनाला पाट्यावरवंट्याएवढा, आणि रात्रभर गुणगुणतो. पण त्या रात्री सिनेमा दिसला. खरा काळा दिसला. भिंतीवरून ओघळणारं पाणी, टोपीच्या कडेखालचे डोळे, सगळं. एकोणऐंशी मिनिटं मी जागचा हललो नाही. आल्टनने पुण्यातल्या माझ्या बैठकीच्या खोलीचे दिवे घालवले असंच वाटत होतं.

आणि शेवटी भाचा काय म्हणाला? "मामा, हा यूट्यूबवर फुकट आहे की."

दाखवला पण त्याने. तीच ती राखेची प्रिंट! वर टीव्ही 'फुल स्क्रीन'वर, म्हणजे जवळपास चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं. नायकाचा चेहरा पुरणपोळीसारखा पसरलेला. "भरलेला दिसतो ना पडदा," म्हणे. रिमोट काढून घेतला मी त्याच्या हातातून.

ब्रिटिशांनी काय कमी छळलंय? त्यांच्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला चोवीस चौकटींचा सिनेमा पंचवीसने पळतो. म्हणजे ९७ मिनिटांचा 'आउट ऑफ द पास्ट' ९३ मिनिटांत उरकतो. त्यातला नायक रॉबर्ट मिचमसारखा निवांत माणूस, तो सिगारेटसुद्धा घाईत ओढतो, आणि आवाज किंचित वर चढलेला. शिवाय तिकडे या सिनेमाचं नावच वेगळं, 'बिल्ड माय गॅलोज हाय'. सुरुवातीच्या दिवसांत मला कुठे माहीत? नवीन सिनेमा समजून मागवला. पहिल्या दृश्यात तोच पेट्रोल पंप. बायको अजून हसते.

आपल्या लोकांबद्दल तर बोलायलाच नको. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी 'सीआयडी'त टिपलेली रात्रीची मुंबई कुठल्याही हॉलिवूडच्या नॉयरशेजारी ठेवावी अशी. आणि आमच्याकडची डिस्क बघा: कोपऱ्यात कंपनीचा रंगीत शिक्का, अख्खा सिनेमाभर. काळोखात नायक, काळोखात खुनी आणि झगझगीत उजेडात फक्त कंपनीचं नाव.

खरा संताप कशाचा आहे सांगू? काही माणसं या सिनेमांसाठी जीव टाकतात. 'वुमन ऑन द रन'ची अमेरिकेतली प्रिंट २००८ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत जळाली. तरी शोधणाऱ्यांनी लंडनच्या संग्रहातलं साहित्य हुडकून तो पुन्हा उभा केला. 'टू लेट फॉर टीयर्स' असाच वर्षानुवर्षं तुकडे जमवून वाचवला. इतक्या मिनतवाऱ्या करून वाचवलेला सिनेमा शेवटी आमच्यापर्यंत येतो तो प्रदेशाच्या कुलपात आणि आतून सडणाऱ्या चकतीवर.

आज सकाळी कालची ती सडलेली तिसरी डिस्क मी टाकून द्यायला काढली होती. हिने तिला दोरा बांधून गॅलरीत लटकवली, कबुतरं येऊ नयेत म्हणून. चकाकते छान. कबुतर कठड्यावर बसून तिच्यात स्वतःचं तोंड बघत होतं.

दुपारी पार्सल आलं. सडलेल्या पेटीतल्याच दोन सिनेमांच्या ब्लू-रे, नव्या, साफ केलेल्या, म्हणजे माझ्या हिशेबी तिसऱ्यांदा घेतलेल्या. कात्रीने टेप कापली, डबी उलटी केली. पाठीमागे खाली कोपऱ्यात, छोट्याशा षटकोनात: 'बी'.

अमेरिकेचा प्लेअर 'ए' लावतो, घरचा 'सी'. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय.