सुंदर टाकी म्हणजे पुरावा नव्हे

प्लांटेड टँकचा, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीचा, नाद लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक सल्ला मिळतोच: नेटवर उलटसुलट वाचत बसू नका, ज्याची टाकी बघत राहावीशी वाटते त्याला गाठा आणि तो करतो तसंच्या तसं करा. जोडीला चार कारणं दिली जातात. एक, टाकीच पुरावा आहे. दोन, पुस्तकातलं रसायनशास्त्र टाकीत चालत नाही. तीन, शैवाळासारख्या बाबतीत सगळे एकच सांगतात, म्हणजे ते खरंच असणार. चार, खरा जाणकार फोटो बघून उपाय सांगतो, चौकश्या करत बसत नाही.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. नवा माणूस गोंधळून छंद सोडू नये, एवढंच त्यांना वाटतं. पण या सल्ल्यापायी रोपं सडताना, मासे जाताना आणि हौशीनं मांडलेली टाकी वर्षभरात रिकामी होताना मी पाहिलंय. म्हणून चारही कारणं नीट तपासायला हवीत.

पहिलं कारण, टाकीच पुरावा. फोटोतली टाकी ही एका दिवसाची टाकी असते. स्पर्धेच्या फोटोआधी फिल्टरचे काचेचे पाइप, कार्बन डायऑक्साइड सोडणारा डिफ्यूझर, हीटर बाहेर काढतात. काचा खरवडून लख्ख करतात. शेवटची छाटणी काही आठवडे आधी उरकतात, म्हणजे नेमक्या दिवशी झुडपं भरगच्च दिसतात. मागून पांढरा उजेड सोडतात. काही जण तर पाण्यावर हेअर ड्रायरचा वारा मारून तरंग उठवतात. यात फसवणूक काहीच नाही, ती छायाचित्रणाची कला आहे. नेचर ॲक्वेरियम, म्हणजे निसर्गदृश्यासारखी टाकी मांडायची शैली, जगभर पोचवणारे ताकाशी आमानो (१९५४–२०१५) मुळात निसर्गाचे छायाचित्रकारच होते. पण टाकी पुढे किती दिवस टिकली, आधी किती रोपं गेली, पाणी किती वेळा बदललं, हे फोटो सांगत नाही आणि सल्ल्याची किंमत ठरते ती याच गोष्टींवर.

त्याहून मोठी अडचण अशी की अगदी उलट पद्धतींनीही सुंदर टाक्या तयार होतात. टॉम बार यांची एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धत घ्या. खतं गरजेपेक्षा थोडी जास्तच द्यायची, कार्बन डायऑक्साइड (छंदातल्या भाषेत नुसता ‘गॅस’) सोडायचा, म्हणजे रोपांना कशाचीच चणचण भासत नाही. मग आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे साठलेलं निघून जातं. डायना वॉलस्टॅड यांची पद्धत याच्या दुसऱ्या टोकाला आहे. खाली साधी माती, वरून गॅस नाही, माशांच्या खाण्यातूनच रोपांचं पोषण, आणि पाणी क्वचितच बदलायचं. दोन्हीकडे हिरवीगार टाकी उभी राहते आणि दोन्हीकडचा मालक मनापासून सांगतो की माझ्याच रीतीनं जमतं. आता नवख्यानं एकाकडून खताचा डोस उचलला आणि दुसऱ्याकडून ‘पाणी बदलू नका’ हा मंत्र, तर खतं साठत जाणार. एकाचा कडक उजेड आणि दुसऱ्याची गॅसशिवायची टाकी एकत्र केली, तर महिन्याभरात काचेवर हिरवा थर. दोघांनीही खोटं सांगितलेलं नसतं. त्यांचं एकेक वाक्य आपल्या पद्धतीतून सुटून एकटंच फिरत आलेलं असतं.

आणि पाणी? नळाला जन्मजात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी असलेल्या माणसाला कळतही नाही की त्याच्या नाजूक लाल रोपांचं निम्मं काम त्या पाण्यानंच केलंय. तो यशाचं श्रेय खताच्या बाटलीला देतो. जड पाणी असलेला माणूस तीच बाटली आणतो आणि पाने वेडीवाकडी का येतात म्हणून डोकं धरून बसतो.

दुसरं कारण, विज्ञान टाकीत चालत नाही. याला उदाहरण हमखास एकच दिलं जातं, पीएच (पाणी किती आम्ल) आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) यांवरून कार्बन डायऑक्साइड काढायचा तक्ता. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर तक्ता म्हणतो, पाण्यात सुमारे ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) गॅस आहे. प्रत्यक्षात रोपं मात्र उपाशी दिसतात. म्हणजे तक्ता खोटा? नाही. त्या तक्त्याला एक अट आहे: पाण्याचा पीएच धरून ठेवणारे फक्त कार्बोनेटच असले पाहिजेत. लाकडातून उतरणारी आम्लं किंवा पीएच खाली ओढणारी ॲक्टिव्ह सॉइल ही टाकीची तयार माती आली की अट मोडते आणि आकडा फुगतो. यावरचा उपायही त्याच रसायनशास्त्रानं दिलाय. ड्रॉप चेकर म्हणजे गॅस मोजायला टाकीत लावलेली छोटी कुपी. तिच्यात टाकीचं पाणी घालतच नाहीत. केएच ४ चं वेगळं तयार केलेलं पाणी आणि रंगद्रव्य घालतात. मधे हवेचा थर असल्यामुळे टाकीतला फक्त गॅस तिथवर पोचतो, आम्लं पोचत नाहीत. रंग हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका. फक्त तो रंग तास-दोन तास मागे असतो, हे लक्षात ठेवायचं.

विज्ञान चुका दुरुस्तही करतं, हे फुकट फिरणाऱ्या सल्ल्याबद्दल म्हणता येत नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट, आणि दोन्ही माशांना विषारी. त्या नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर, असं वर्षानुवर्षं लिहिलं जायचं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात. नाव बदललं, तरी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नका हा नियम तसाच राहिला, कारण तो मोजमापावर उभा होता.

तिसरं कारण मला सगळ्यात घातक वाटतं. ‘शैवाळ आलं म्हणजे खत जास्त झालं, खत बंद करा.’ हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की त्यावर शंका घेणंच वेडेपणाचं वाटावं. पण याचा उगम बघा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पॉल सीअर्स आणि केविन कॉनलिन या दोन हौशी अभ्यासकांनी मांडलं की टाकीत फॉस्फेट अगदी कमी राखलं तर शैवाळ आटोक्यात राहतं. कल्पना अभ्यासू होती. तलावांत फॉस्फरस वाढला की शैवाळ माजतं, हे तेव्हा माहीत होतंच. पुढे बार आणि इतरांनी रोपांनी भरलेल्या टाक्यांत, गॅस पुरेसा ठेवून, मुद्दाम फॉस्फेट वाढवून पाहिलं. शैवाळ आलं नाही. ‘फॉस्फेट जास्त म्हणजे शैवाळ येणारच’ हा नियम मोडायला एवढं पुरेसं आहे. खतांचा शैवाळाशी काहीच संबंध नाही, असं यातून सिद्ध होत नाही. नव्या टाकीतला अमोनिया ही वेगळी आणि खरी काळजी आहेच.

मग ती समजूत टिकली कशी? शैवाळ दिसलं की माणूस एकटं खत बंद करत नाही. त्याच दिवशी तो निम्मं पाणी बदलतो, फिल्टर धुतो, खराब पानं काढतो, दिवा दहा तासांवरून सहावर आणतो. पंधरवड्यात शैवाळ कमी होतं आणि श्रेय मिळतं खत थांबवण्याला, कारण सल्ल्यात तेच लिहिलं होतं. खरी किंमत पुढच्या महिन्यात मोजावी लागते. नायट्रोजन संपला की खालची जुनी पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, आणि त्या मरतुकड्या पानांवर शैवाळ पुन्हा बसतं. पानांवर आणि काचेवर येणारे कडक हिरवे ठिपके तर बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्यावरच दिसतात. माणूस मात्र अजून कुठून खत येतंय हे शोधत राहतो. एकच मजकूर हजार जणांनी पुढे ढकलला, तरी साक्षीदार एकच असतो. एकमताला वजन तेव्हा येतं, जेव्हा वेगवेगळ्या पाण्याच्या, वेगवेगळ्या उजेडाच्या टाक्यांत लोकांनी स्वतः बघून तेच सांगितलेलं असतं.

चौथं कारण, जाणकार फोटोवरून सांगतो. पिवळ्या पानाचा फोटो घ्या. पिवळेपणा जुन्या पानांवर असेल तर नायट्रोजनची शंका, कारण रोप तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. नव्या कोंबांवर असेल तर लोहाची, कारण लोह असं हलवता येत नाही. क्रिप्टोकोरीन जातीचं रोप असेल तर जागा बदलली म्हणूनही सगळी पानं विरघळू शकतात, आणि तिथे काहीही न करता थांबणं हाच उपाय. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेलं रोप असेल तर जुनी पानं जाणारच. जवळून काढलेल्या फोटोत हे सगळं सारखंच दिसतं. टाकी लावून किती आठवडे झाले, दिवा किती तास, गॅस आहे का, गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं, हे न विचारता दिलेलं उत्तर बरोबर आलं तरी ते नशीब समजावं.

आकड्यांचंही तसंच. काही टेस्ट किट नायट्रेट दाखवतात, काही त्यातला फक्त नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या किटवर १० आलं तर पहिल्यावर तेच पाणी सुमारे ४४ दाखवेल. शिवाय काही किटमध्ये दुसऱ्या बाटलीत तळाला बसणारी पूड असते, ती जोरात हलवली नाही तर नायट्रेट कमीच येतं. ‘माझं नायट्रेट १०, काय करू?’ याला किट कुठलं हे न विचारता जो उत्तर देतो, त्याच्यावर मी तरी विसंबणार नाही.

फोटोवरून सगळ्यात सहज सुचवला जाणारा उपाय म्हणजे लिक्विड कार्बन. नाव कार्बनचं असलं तरी अशा बऱ्याच बाटल्यांत ग्लुटारअल्डिहाइड असतं, जे उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. काळ्या दाढीसारख्या शैवाळावर ते चालतं, हे खरं आहे. पण त्याच डोसानं व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती विरघळून जाते, आणि प्रमाण चुकलं तर कोळंब्या आणि मासेही जातात. टाकीत व्हॅलिस्नेरिया आहे का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर कितीतरी टाक्या वाचल्या असत्या.

सुंदर टाकीच्या मालकाला जरूर गाठा. फक्त काय टाकू हे विचारण्याआधी त्याचं पाणी, उजेड, गॅस आणि पाणी बदलायचं वेळापत्रक विचारा. त्याची कुठली टाकी बिघडली होती आणि ती सावरताना त्यानं एका वेळी काय बदललं, हे विचारा. मोकळेपणानं सांगणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका. मग आपल्या टाकीत एकच गोष्ट बदला, तारीख टिपून ठेवा आणि दोन-तीन आठवडे हात आवरा. तोवर जुन्या पानांकडे पाहून काही ठरवू नका, ती सहसा सुधारत नाहीत. बदल लागू पडला की नाही, हे त्यानंतर फुटलेल्या पानांवरच दिसतं.