नववी ‘क’च्या पोरांना वळण कसं लावावं

शाळेत किशोरवयीन मुलांसाठी मार्गदर्शन उपक्रम सुरू करायचं ठरलं? अभिनंदन. आता सगळ्यात आधी फ्लेक्स छापून घ्या, बाकीचं मागाहून जमतं. देणगीदारांचा फोटो मोठा, संस्थाध्यक्षांचा त्याहून मोठा. मुलांचा नको, कारण कुठली मुलं घ्यायची हे अजून ठरायचंय.

निवड हे नाजूक काम आहे. वर्गशिक्षिकेला विचारलंत तर त्या एका दमात नावं सांगतील. एक आठवड्यातले तीन दिवस गॅरेजवर असतो, एक दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, एकानं मुतारीतला नळ उपटून विकला. ऐकून घ्या, मान डोलवा आणि यांतलं कुणी घेऊ नका. ही पोरं शनिवारी येत नाहीत, आली तर फोटोत हसत नाहीत. त्यापेक्षा परिपाठाला सुविचार सांगणारी, 95 टक्के हजेरीवाली मुलं घ्या. वर्षाअखेरीस ‘उपक्रमातील मुलांची उपस्थिती उत्तम’ असं छातीठोकपणे लिहिता येतं आणि ते खोटंही नसतं.

मार्गदर्शक म्हणून पीटीचे सर नेमा. त्यांच्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं काम आहे, स्कॉलरशिपचे फॉर्म आहेत, आता हेही. ‘प्रत्येक मुलाशी मनमोकळा संवाद’ यासाठी शनिवारची 40 मिनिटं आहेत, मुलंही 40. हिशेब बसतो. मुंबईत ‘परिवर्तन’ नावाच्या उपक्रमात क्रिकेटच्या कोचनाच शिकवून तयार केलं होतं. मुलींशी कसं वागावं, यावर ते सरावाच्या वेळी पोरांशी बोलायचे. पण त्याला मैदान लागतं. आपलं मैदान तुळशीच्या लग्नानंतर मंडपवाल्याकडे असतं.

मग बक्षिसं. भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावा. नखं कापली, एक तारा. केस बारीक, दोन. दिवसभर शिवी दिली नाही, तीन. मित्रानं शिवी दिल्याचं येऊन सांगितलं, पाच. वीस ताऱ्यांना पाण्याची बाटली. खाऊ मात्र देऊ नका. पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, नववीपासून भूक लागत नाही असं सरकारचं मत दिसतं. आपण कोण त्यावर बोलणार?

फलित मोजण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. अमेरिकेत बोस्टनशेजारच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिलमध्ये 1939 साली ही चूक झाली. 506 मुलगे निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना समुपदेशक दिले. घरभेटी, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं, सरासरी साडेपाच वर्षं. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी त्यांतली बहुतेक माणसं हुडकून काढली. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले, ‘उपयोग झाला.’ मग बाईंनी कोर्टाची, दवाखान्याची दप्तरं उघडली. मदत न मिळालेल्यांपेक्षा ही मंडळी कशातच सरस नव्हती, काही बाबतींत उलट वाईटच. 1978 साली हे छापूनही आलं. तेव्हा अभिप्राय त्याच दिवशी, पोरांच्या हातात बाटली असतानाच घ्यावा. गुगल फॉर्म, पाच पर्याय, पाचही चांगले.

राहता राहिला प्रतिस्पर्धी. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी एक दादा बसतो. त्याचाही हाच उपक्रम आहे, तोही विनाअनुदानित. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की तो गाडी थांबवून विचारतो, ‘काय रे, आईचं बीपी कसंय आता?’ बहिणीचं लग्न कुठं जमलं, बाप कुठं पिऊन पडतो, सगळं त्याला ठाऊक. आपल्या सरांना हजेरी क्रमांक ठाऊक असतो. दादाकडून दहीहंडीला टी-शर्ट, मिरवणुकीनंतर बिर्याणी, गाडीत शंभराचं पेट्रोल. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांच्या रांगेत त्या नळ उपटणाऱ्याचाही फोटो, गॉगल लावून. नखं कापली का, हे दादा बघत नाही. बदल्यात काय मागायचं ते निवडणुकीच्या आठवड्यात मागतो. जामीनही तोच करतो म्हणतात, निदान पहिला.

याच्याशी स्पर्धा करायची म्हणजे प्रत्येक पोराच्या घरी जाणं आलं. ते झेपायचं नाही. शहाणपणा यातच आहे की समारोपाला प्रमुख पाहुणे म्हणून दादांनाच बोलवावं. बाटल्यांचा खर्चही ते उचलतील, फक्त बाटलीवर त्यांचा फोटो येईल. मुलांना स्त्रीसन्मानाची शपथही त्यांच्याच हस्ते देऊन टाका. औक्षणाला नववीतल्या मुली उभ्या करा, नऊवारीत. त्यांतली एखादी कुरकुरेल, ‘बाई, क्लासला जाताना टपरीवरनं यांचीच पोरं शिट्ट्या मारतात.’ तिला हळूच सांगा, ताट नीट धर, निरांजन विझेल.