म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा सिनेमा कसा पाहू नये

थोर दिग्दर्शक सत्तरी ओलांडूनही सिनेमे काढत बसला, की चोखंदळ रसिक म्हणून तुमची जबाबदारी वाढते. त्याने कधीच थांबायला हवं होतं हे तुम्हाला कळतं, त्यालाच कळत नाही. अशा वेळी कसं वागावं याचा वस्तुपाठ हॉलिवूडचा दिग्दर्शक बिली वाइल्डर याच्या ‘फेडोरा’च्या (१९७८) वेळी लोकांनी घालून दिला आहे.

मत आधी पक्कं करा, सिनेमा मग बघा. नाही बघितला तरी चालेल. मात्र दिग्दर्शकाची एखादी जुनी कलाकृती हाताशी हवी, म्हणजे नवीन सिनेमा तिच्याशेजारी उभा करून बुटका ठरवता येतो. इथे ती सोय वाइल्डरनेच करून ठेवली होती. ‘सनसेट बुलेवार्ड’मध्ये (१९५०) विस्मृतीत गेलेली नटी होती, विल्यम होल्डन हा नट होता आणि गोष्ट मरणापासून मागे जात होती. ‘फेडोरा’त पुन्हा नटी, पुन्हा होल्डन, पुन्हा सुरुवातीलाच मरण. ‘स्वतःचीच नक्कल’ एवढं म्हणून मोकळं व्हावं. फरकांकडे काणाडोळा करायला थोडा सराव लागतो, पण जमतं. तिकडे नटीला परतायचं असतं आणि तिला कोणी बोलवत नाही. इकडे बोलावणं घेऊन निर्माता थेट ग्रीसच्या कॉर्फू बेटावर जाऊन थडकतो, आणि नटीला परतता येत नाही. तिकडे होल्डन बत्तिशीतला, नटीच्या पैशांवर राहणारा लेखक. इकडे तोच साठीला आलेला, एक सिनेमा मिळाला तर बरं म्हणून वणवण करणारा निर्माता. पण एवढ्या खोलात शिरलात तर नक्कल म्हणता येणार नाही.

तुमच्या हाती पैसा असेल तर काम आणखी सोपं. युनिव्हर्सल स्टुडिओने ‘फेडोरा’ची पटकथा वाचली आणि नको म्हटलं, कारण जुन्या हॉलिवूडवरचे सिनेमे नुकतेच पडले होते. मग पैसा जर्मनीतून उभा राहिला. हिटलर सत्तेवर येताच १९३३मध्ये जर्मनी सोडून पळालेला वाइल्डर हा ज्यू माणूस, त्याची आई नाझींच्या संहारात गेलेली. सिनेमा चालला तर तो हॉलिवूडवर सूड आणि पडला तर आउश्विट्झचा सूड, असं वाइल्डर त्या वेळी म्हणाल्याचं सांगतात. यावर हसायचं की नाही ते ठरवता येत नसेल, तर ‘कडवटपणा वाढलाय’ असं नोंदवून पुढे सरकावं.

पुढे वितरकांचा धडा. अलाइड आर्टिस्ट्स या कंपनीने काखा वर केल्या. मग कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या चाचणी खेळाला प्रेक्षक नको तिथे हसले आणि शेवटी युनायटेड आर्टिस्ट्सने मोजक्या ठिकाणी तो लावून आपलं कर्तव्य पार पाडलं. सिनेमा लावायचा, पण कोणाला कळू द्यायचा नाही, ही खरी कला.

आता रहस्य. ते बिनधास्त फोडा, वाइल्डरने स्वतःच शेवटाच्या बऱ्याच आधी फोडलंय. आगगाडीखाली जीव देणारी ती फेडोरा नव्हेच. खरी फेडोरा म्हणजे चाकांच्या खुर्चीतली, बुरख्याआडची तिरसट काउंटेस. तारुण्य टिकवण्याच्या उपचारांत तिचा चेहरा बिघडला. पुढे अकादमीचा अध्यक्ष (हेन्री फोंडा, स्वतःच्याच भूमिकेत) मानाचा ऑस्कर द्यायला बेटावर येणार, तेव्हा आईच्या जागी मुलीला बसवलं. न ओसरलेलं ते रूप जगाला इतकं पसंत पडलं की कामं येऊ लागली, आणि मुलगी आई होऊनच राहिली. हातांवरून वय कळू नये म्हणून हातमोजे. सगळं जग वय लपवायला धडपडतं, ही पोरगी आपलं तरुणपण लपवते. मग मायकेल यॉर्क या नटाच्या (तोही स्वतःच्याच भूमिकेत) प्रेमात पडते आणि आपण कोण हे त्यालाही सांगू शकत नाही. तुम्ही यातलं काही मनावर घेऊ नका. ‘मी अर्ध्या तासातच ओळखलं होतं’ हे वाक्य पुरेसं आहे. रहस्य फुटल्यावर उरलेला वेळ वाइल्डरने मुलगी आई कशी होत गेली ते दाखवण्यात घालवलाय. तेवढ्यात मोबाइल चाळून घ्यावा.

आवाजावर बोट ठेवायला विसरू नका. मुलगी झालेली मार्थ केलर आणि काउंटेस झालेली हिल्डेगार्ड क्नेफ या दोघींचे आवाज इंग्रजी आवृत्तीत तिसऱ्याच बाईने दिले आहेत. हे खरंच खटकतं, त्यामुळे तुमच्या बाकीच्या टीकेलाही वजन येतं. मायलेकींच्या गोष्टीत दोन तोंडांतून एकच आवाज निघतो, हा विचार डोक्यात आलाच तर झटकून टाका.

एका ठिकाणी होल्डनचा निर्माता कुरकुरतो, की आता धंदा दाढीवाल्या पोरांच्या हाती गेला. इथे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणावं. म्हाताऱ्याने नव्या पोरांसारखा सिनेमा केला की ‘वयाला शोभत नाही’, आणि स्वतःसारखा केला की ‘काळ पुढे गेला’. दोन्ही वाक्यं पाठ असू द्या. पुढे वाइल्डरला एकच सिनेमा मिळाला, १९८१मध्ये. त्यानंतर तो २००२पर्यंत जगला. या वीसेक वर्षांत त्याला पुरस्कार मिळत राहिले. पुरस्कार देणं सिनेमा देण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, आणि भाषणात ‘आजही तितकेच तरुण’ असं म्हणता येतं.

२०१३मध्ये ‘फेडोरा’ची डागडुजी केलेली प्रत फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. तेव्हापासून तुम्ही ‘हा उपेक्षित सिनेमा मला पूर्वीपासून आवडतो’ असं म्हणू शकता. दिग्दर्शक उलटतपासणी घ्यायला नाही. दरम्यान ऐंशी पार केलेल्या कोणाचा तरी नवा ट्रेलर आला असेल. पूर्ण बघू नका, खाली ‘सर, आता विश्रांती घ्या’ असं आदराने लिहा आणि शेवटी हात जोडलेलं चिन्ह टाका.